दुसऱ्यांसाठी झोपणारी खाला

रजया शिवणाऱ्या खालाकडे लोक झोपेचं काम घेऊन यायचे असं सांगितलं, तर नवखा माणूस हसेल. त्या गल्लीत मात्र कुणी हसत नसे. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाला घर बदलायचं होतं, कुणाचा भाऊ भागीदारीत उडी घ्यायला निघाला होता, की त्या घरातली बाई डोक्यावरची ओढणी सारखी करत खालाच्या दाराशी उभी राहायची आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणायची, "खाला, आमच्यासाठी जरा झोपाल का?"

खाला तेव्हा कापसात बुडालेली असायची. तिची खोली लांबट, दार रस्त्याकडे, मागे एक खिडकी. जमिनीवर रजईची खोळ पसरलेली, खोळीत पिंजलेला कापूस, आणि त्याच्या कडेकडेने गुडघ्यांवर सरकत खाला धावदोरा घालत चाललेली. सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान, तोंडात दोरा, केसांत कापूस, भुवयांत कापूस, चहाच्या कपातही कापूस. खिडकीतून ऊन आत आलं की हवेत तंतू तरंगायचे आणि अख्खी खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत दिसायची. नुसतं दारात उभं राहिलं तरी माणसाला जांभई यायची. झोपेच्या कामाला याहून चांगली जागा कुठली असणार?

काम तसं साधंच होतं. दुपारी हातातली ओळ संपली की खाला हात-पाय-तोंड धुऊन वजू करायची, दोन रकात नमाज पढायची आणि दुआ मागायची: या गोष्टीत भलं असेल तर ती सोपी कर, नसेल तर तिला आमच्यापासून आणि आम्हाला तिच्यापासून दूर ने. मग अर्ध्या शिवलेल्या रजईवर उजव्या कुशीला आडवी व्हायची. याला इस्तिखारा म्हणतात. बरेच लोक तो रात्री करतात, पण रात्री खालाला कापसाची धाप लागायची, झोप म्हणून यायची नाही. दुपारी मात्र ती अशी झोपायची की शेजारी भांड्यांचं दुकान कोसळलं असतं तरी तिने कूस बदलली नसती.

उठल्यावर जे दिसलं ते सांगायची. हिरवं, पांढरं, वाहतं पाणी दिसलं तर बरं. धूर, चिखल, भडक लाल दिसलं तर थांबा. काहीच दिसलं नाही तर तेही सांगायची, "काही नाही दिसलं बाई, आता तुझ्या अकलेने घे." चामड्याच्या बॅगा विकणाऱ्याच्या घरी तिने एका नामी स्थळाला चिखल सांगितला, तेव्हा त्या घराने तिच्याशी बोलणं टाकलं. खालाने ते मनावर घेतलं नाही. "दिसलं ते सांगितलं. मी रजया शिवते, स्वप्नं नाही शिवत," म्हणाली. या एका गोष्टीवर तिची सगळी पत उभी होती, आणि ती पत तिला जिवापलीकडे प्यारी होती.

गल्लीच्या टोकाच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना हे फारसं पटत नसे. भला माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. ते म्हणायचे, "इस्तिखारा ज्याचा त्याने करावा. आणि स्वप्न पडलंच पाहिजे असं कुठे आहे? दुआ मागावी, पाऊल टाकावं, वाट सोपी झाली तर तेच उत्तर." खाला मान हलवून ऐकून घ्यायची. इमामसाहेबांची बायको धाकट्या बहिणीच्या स्थळासाठी मागच्या खिडकीशी येऊन गेली होती, हे तिने कधी ओठांवर येऊ दिलं नाही. बायकांनीच ते इकडचं तिकडे केलं, तो भाग वेगळा.

अशा या खोलीत एक दिवस अभ्यासबाई आली. विद्यापीठातून आलेली, तिशीच्या आतबाहेरची, पायात नको इतके स्वच्छ बूट. मुसलमान माणसं रोजचं जगणं कसं जगतात याचा तिला अभ्यास करायचा होता. गल्लीला हे ऐकून गंमत वाटली. आपण रोज जगतो यात अभ्यास करण्यासारखं काय आहे, असं जो तो एकमेकाला विचारू लागला आणि विचारता विचारता जरा ताठ चालू लागला.

तिचं म्हणणं तिने खालाला नीट समजावून सांगितलं होतं. काही विद्वान म्हणे नुसते ग्रंथ वाचतात आणि मुसलमान असाच असतो म्हणून मोकळे होतात. दुसरे नुसते बाजारात फिरतात आणि म्हणतात, ही तर चारचौघांसारखीच माणसं, धर्म वगैरे वरवरचा. तिचे मोठे सर म्हणाले होते, दोन्ही सोड आणि एका माणसाजवळ जाऊन बस. माणूस विचारतो कुणाला, ऐकतो कुणाचं, अडतो कुठे, ते बघ. आणि एक नियम त्यांनी घालून दिला होता: आपण ऐकायचं, मध्ये पडायचं नाही.

"बस की मग," खाला म्हणाली. "नुसती बसू नकोस पण. ही सुई घे."

बाई सुई घेऊन बसली आणि खालाच्या नाकी नऊ आले. तिची ओळ अशी वाकडी जायची की खालाला ती उसवून पुन्हा घालावी लागायची. काम दुप्पट झालं, पण बाईला ‘ऊठ’ म्हणायचं तिच्या जिवावर आलं. दुपारी खाला झोपली की बाई तिच्याकडे बघत बसायची. संध्याकाळी मोठ्या सरांचा फोन यायचा, आज काय पाहिलं म्हणून. "सर, त्या झोपल्या होत्या," एवढंच ती बिचारी सांगू शकायची. गल्लीतली पोरं यावर पोट धरून हसायची.

खालाची एक सवय बाईच्या लवकर ध्यानात आली. जाग आल्या आल्या, डोळे पुरते उघडायच्या आत, खाला स्वप्न जवळच्या माणसाला सांगून टाकायची. सुटीच्या दिवशी तिथे धाकटी असायची, म्हणजे तिची लेक; एरवी काम घेऊन आलेली शेजारीण. थोरल्या दोघी लग्न होऊन गेल्या होत्या, नवरा वारल्याला बराच काळ लोटला होता, घरात आता या दोघीच. खालाची आई म्हणायची, न सांगितलेलं स्वप्न पाखराच्या पायाला बांधल्यासारखं अधांतरी असतं. पहिला ऐकणारा जो अर्थ लावेल त्या अर्थाने ते खाली उतरतं. म्हणून ते सांगावं जीव लावणाऱ्याला, नाहीतर डोकं ठिकाणावर असलेल्याला. धाकटी दोन्हीत बसत होती.

धाकटी इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. दिवसभर काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शकात डोळा. घरी आली की आधी आईच्या भुवयांतला कापूस टिपायची, मग चप्पल काढायची. एके दिवशी ती आली आणि चप्पल न काढताच बसली. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या इस्पितळाने तिला बोलावलं होतं. काम तिच्या आवडीचं, शिकायलाही मिळणार. फक्त तिथून उठून आईला बघायला यायचं म्हटलं तर वर्षातून एकदा.

खालाचा टाका वाकडा गेला. तोंडाने मात्र "वा" म्हणाली.

"आठवड्यात कळवायचंय," धाकटी म्हणाली. "अम्मी, तू माझ्यासाठी झोप."

"तूच कर की. इमामसाहेब म्हणतात ज्याचा त्याने करावा."

"मी केला. पण तू झोपायला हवीस."

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर गेली. खालाने हातातली ओळ संपवली, वजू केली, नमाज पढली. दुआ मागताना ‘सोपी कर’पर्यंत जीभ सुरळीत गेली, पुढे अडखळली. हजार जणींसाठी मागितलेली दुआ, तरी ‘जे भलं असेल ते’ म्हणताना मन मध्येच घुसून ‘पण ती इथेच असू दे’ म्हणत होतं. तिने पुन्हा पहिल्यापासून मागितली. मग आडवी झाली. अभ्यासबाई भिंतीशी बसून वाकडे टाके घालत होती.

स्वप्नात खालाची खोली होती, पण भिंती नव्हत्या. नुसता कापूस, नजर जाईल तिथवर, आणि त्यावर ऊन. दूर धाकटी चालली होती, अंगावर इस्पितळातला पांढरा कोट, मागे न बघता, पण घाईतही नाही. खाला रजईवर बसली होती आणि तिचे गुडघे दुखत नव्हते. छाती मोकळी होती. हातात सुई होती आणि सुईत दोरा आपोआप येत होता. ती काहीतरी गुणगुणत होती, लग्नाआधी, पोरीबाळींच्या आधी गुणगुणायची तसं. धाकटी लहान लहान होत गेली, कापसाच्या एका तंतूएवढी झाली आणि उन्हात मिसळली. खाला गुणगुणतच राहिली. इतकं हलकं तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

जाग आली आणि सवयीने तिने सगळं सांगून टाकलं, जवळ कोण आहे हे न बघता. सांगून झाल्यावर डोळे उघडले तर समोर अभ्यासबाई.

खाला ताडकन उठून बसली. "पोरगी चालली होती आणि मी मजेत होते," ती म्हणाली. "गाणं म्हणत होते गं. कसली आई मी?"

बाईने सुई टाक्यातच थांबवली.

"पहिलं तूच ऐकलंस. आता तूच सांग, याचा अर्थ काय?"

बाईच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "खाला, मी अर्थ लावत नाही. मला फक्त ऐकायचं असतं. माझ्या कामाचा नियमच आहे तो."

खालाने ओढणी सारखी केली. इतकी वर्षं लोक तिच्याकडे उत्तरासाठी आले, तिने कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं. आज तिने पहिल्यांदा स्वतःसाठी हात पसरला, तर समोरच्याने नियम दाखवला. नियम चांगला असेल, पण त्या दुपारी तो फार वाईट दिसला, एवढं म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी धाकटी आली. कापूस टिपायला आईच्या भुवईकडे हात नेला आणि विचारलं, "झोपलीस?"

"झोपले."

"मग?"

खालाने सुईत दोरा ओवायला घेतला. "धूर दिसला," ती म्हणाली. "काळा धूर. काही सुचेना."

भिंतीशी बसलेल्या बाईच्या बोटात सुई गेली. धाकटीने हात मागे घेतला, म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी तिने येत नाही म्हणून कळवलं. तिथल्या कचेरीतली बाई म्हणाली, आठवडा संपेपर्यंत जागा ठेवतो, मन बदललं तर सांगा.

धाकटी रुसली असती तर खालाला सोपं गेलं असतं. पोरगी आदळआपट करते, आई दोन शब्द ऐकवते, संध्याकाळपर्यंत दोघी एका ताटात जेवतात. पण धाकटी रोजच्यासारखी कामावर जात होती, येताना भाजी आणत होती. फक्त सूक्ष्मदर्शकात काय दिसलं ते सांगायची ते तिने बंद केलं. घरात एवढीच शांतता वाढली, आणि ती खालाला खायला उठली.

मग तिची दुपारची झोप गेली. आडवी व्हायची आणि छताकडे बघत राहायची. एक बाई मुलाच्या दुकानासाठी आली, तिला खालाने "माझ्याच्याने होणार नाही" म्हणून परत पाठवलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली. नमाजेला उभी राहिली की खालाला वाटायचं, आपण कुणाच्या तरी दारात चोरीचा माल घेऊन उभ्या आहोत. लहानपणी तिने ऐकलं होतं, न पडलेलं स्वप्न पडलं म्हणून सांगणाऱ्याला कयामतीच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांची एकमेकांना गाठ मारायला लावतात, आणि ती काही केल्या बसत नाही.

एका दुपारी अभ्यासबाई आली तर खाला रजई सोडून दारात उजेडाला बसलेली. मांडीवर जवाचे दोन दाणे. ते चिमटीत धरून ती एकमेकांभोवती वळवू बघत होती.

"हे काय करताय?"

"पुढची तयारी," खाला म्हणाली. "आयुष्यभर गाठी मारल्यात, म्हटलं बघू जमतं का." दाणा निसटून उंबऱ्याखाली गेला. "नाही जमत," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण हसू काही पुरतं आलं नाही.

बाई तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. ते स्वच्छ बूट तिने कधीच टाकून दिले होते. निसटलेला दाणा तिने उंबऱ्याखालून काढून खालाच्या हातात ठेवला. मग म्हणाली, "खाला, त्या दिवशी मी तुम्हाला एकटं सोडलं. तुम्ही माणसाला विचारलं होतं आणि मी कामावरच्या बाईसारखं उत्तर दिलं. आता सांगते मी अर्थ, सरांना काय वाटायचं ते वाटो."

"आता नको," खाला म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "आता तू माझी दया येऊन सांगशील. तसला अर्थ काय कामाचा?"

"मग कुणाला विचारणार?"

खाला रस्त्याकडे बघत राहिली. ऊन उतरत होतं, समोरच्या भिंतीवर कुणाचीतरी चादर वाळत होती आणि वाऱ्याने भरून पुन्हा रिकामी होत होती. कुणीही अर्थ लावला नाही म्हणजे ते स्वप्न अजून तिथेच कुठेतरी अधांतरी असणार. बाईने चूक केली होती खरी, पण त्या चुकीमुळे एक दार उघडं राहिलं होतं, आणि त्या दारातून जायचं म्हणजे आधी लेकीसमोर खोटं पडायचं. आयुष्यभराची पत आपल्याच हाताने उसवायची. खालाने गुडघ्यावर हात टेकला आणि उठली.

धाकटी आली तेव्हा अजून उजेड होता. अभ्यासबाई जायला निघाली तर खालाने तिला हाताला धरून बसवलं. "तू थांब. तू ऐकलंयस, मी कुठे चोरी केली तर टोक."

मग तिने सांगितलं. धूर नव्हता म्हणून सांगितलं. कापूस, ऊन, पांढरा कोट, मागे न बघता चाललेली धाकटी, सगळं. एका जागी ती थांबली. धाकटीने घाई केली नाही.

"आणि मी बसले होते," खाला म्हणाली. "गुडघे दुखत नव्हते. मी गाणं म्हणत होते धाकटे. तू दिसेनाशी झालीस तरी म्हणतच होते. मला बरं वाटत होतं." तिची मान खाली गेली. "ते तुला कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून धूर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा खोटं स्वप्न सांगितलं, आणि तेही तुला."

खोलीत तंतू तरंगत होते. भिंतीशी बाईने सुई खाली ठेवली होती.

"रडत नव्हतीस?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"जरासुद्धा?"

"सांगतेय ना, गात होते. किती वेळा बोलायला लावशील?"

धाकटी तिच्यासमोर कापसातच बसली. "अम्मी, मी जावं की नाही हे कुठे विचारलं होतं मी तुला? जायचं तर माझ्या मनाने आधीच ठरवलं होतं. माझा इस्तिखारा मी केलाच होता." तिने आईच्या भुवईवरचा कापूस टिपला. "मी गेल्यावर तू कशी राहशील, तेवढं विचारायचं होतं. म्हणून तू झोपायला हवी होतीस. ते मला कसं दिसणार? तुलाच दिसणार ना?"

खालाने मान वर केली. इतक्या बायकांसाठी ती झोपली, कुणाचं स्थळ, कुणाचं घर, कुणाचं दुकान. खुद्द तिच्याबद्दल आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"म्हणजे मी मजेत होते ते चालतं?" तिने विचारलं, शाळेत चुकलेल्या मुलीच्या आवाजात.

"चालतं काय? तेच तर पाहिजे होतं मला," धाकटी म्हणाली. "धूर म्हणालीस तेव्हा मला वाटलं, तू जगणारच नाहीस माझ्यामागे. म्हणून त्यांना नकार कळवला."

ती उठली, अंगावरचा इस्पितळाचा कोट झटकला आणि फोन घेऊन दारात गेली. खालाला तिची पाठ दिसत होती, कापसाचा एक तंतू तसाच कोटाला चिकटलेला. समुद्रापलीकडची कचेरी अजून उघडी होती. धाकटी परक्या माणसाशी बोलायच्या चोख आवाजात बोलू लागली. हो, येते म्हणाली, लवकरात लवकर कधी येता येईल ते विचारलं, आणि मध्येच कशाला तरी हसली.

स्वप्नात खाला रडली नव्हती. आता रडू आलं आणि ती त्याच्याशी भांडली नाही. अभ्यासबाई नियम विसरून सरकत तिच्याजवळ आली आणि तिने खालाच्या पाठीवर हात ठेवला. खालाने फक्त ओढणीचा पदर तोंडाशी घट्ट धरला, पोरीचं बोलणं पुरं होईपर्यंत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.